समर्थ रामदास : यादीचा कवी

रामदासांच्या कवित्वाविषयी आक्षेप घेणाऱ्यांनी 'दासबोधा'तील लक्षणांच्या याद्यांकडेच बहुधा बोट दाखविले आहे. यादी म्हणजे काव्य नव्हे, हा या आक्षेपाचा गाभा होय. त्याचा विचार कवीच्या चरित्राच्या अंगाने करणे अगत्याचे वाटते.

नारायण सूर्याजी ठोसर यांचा जन्म गोदातीरी जांब येथे शके १५३० (इ. स. १६०८) मध्ये झाला. पित्याचे छत्र लवकर हरपले. विवाहमंडपातून झालेले पलायन, नाशिकजवळ टाकळी येथील बारा वर्षांचे पुरश्चरण आणि त्यानंतरची बारा वर्षांची भ्रमंती हा क्रम सांप्रदायिक परंपरेने दिलेला आहे. तो तंतोतंत न मानला तरी १६३०–३२ चा दुष्काळ आणि त्यामागून आलेली लोकांची दैना या माणसाने पायी हिंडत पाहिली, हे त्यांच्या स्फुट रचनांवरून स्पष्ट होते. १६४४ च्या सुमारास ते कृष्णाखोऱ्यात आले. चाफळचे राममंदिर १६४८ चे. शिवाजी महाराजांशी त्यांची पहिली भेट केव्हा झाली, हा वाद येथे प्रस्तुत नाही.

'दासबोधा'च्या रचनेचा आरंभ परंपरा १६५४ मध्ये शिवथरच्या घळीत मानते. सहाव्या दशकातील कलियुगाच्या ४७६० वर्षांचा निर्देश मात्र आपल्याला १६५९ पाशी आणून सोडतो. वीस दशक, दोनशे समास अशी बांधणी स्वतःच मोजदादीची आवड सांगते.

लक्षणे मोजण्याची रीत रामदासांनी निर्माण केली नाही. विदुरनीतीत मूढाची लक्षणे आहेत. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची आहेत. ज्ञानेश्वर त्यांपैकी एकेक लक्षण घेऊन त्यावर दृष्टांतांचा विस्तार करतात. रामदास विस्तार टाळतात आणि संख्या वाढवितात. दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात आईबापांशी वैर करणारा, दोघे बोलत असता मध्ये जाऊन बसणारा आणि डोके खाजविणारा, पाण्यात चूळ टाकणारा असे सारे एकाच पंगतीला बसतात. पातक आणि गबाळेपणा यांत भेद न करणे, हाच या यादीचा विनोद आणि हीच तिची धार.

येथे ओवीचे अंग लक्षात घ्यावे. ग्रंथरूप ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात, चौथा आखूड आणि यमकाबाहेरचा. रामदास तीन चरणांत आचरण सांगतात आणि मूर्खत्वाचा निवाडा चौथ्यात देतात. श्रोता वर्णनाला मान डोलावतो, शेजाऱ्याची आठवण काढून हसतो, आणि पुढच्या एखाद्या ओवीत स्वतःच सापडतो. निवाडा आधी सांगितला असता तर तो सावध झाला असता. ही योजना कीर्तन-श्रवणाच्या व्यवहारातून आलेली आहे. मूक वाचन करणाऱ्या टीकाकाराला ती कंटाळवाणी वाटली, यात नवल नाही. समासाच्या अखेरीस कवी सांगतो की लक्षणे अपार आहेत, येथे काही थोडी त्यागासाठी सांगितली. यादी अपुरी ठेवल्याने उरलेली श्रोत्याने भरावयाची असतात.

लगेच येणारा 'उत्तमलक्षण' समास निषेधांचा आहे. वाट विचारल्याशिवाय जाऊ नये, न ओळखलेले फळ खाऊ नये, पडलेली वस्तू एकाएकी उचलू नये. हे शहाणपण मठात बसून सुचलेले नव्हे. परमुलखात एकट्याने फिरणाऱ्याचे ते आहे. तिसऱ्या दशकातील आध्यात्मिक तापाच्या निरूपणात खरूज, नारू, देवी, गोवर अशी रोगांची नावे एकामागून एक कोसळतात. तेथे निवाडाही नाही, उसंतही नाही. देहाची फजिती नुसत्या नामांनी उभी राहते. माझ्या मते कवी म्हणून रामदास येथे सर्वांत समर्थ आहेत.

याच दुसऱ्या दशकाच्या शेवटी पढतमूर्ख येतो. बहुश्रुत असून अभिमान न सुटलेला, व्युत्पत्तीच्या बळावर इतरांचे दोष काढणारा. अध्यापनाचा व्यवसाय करणाऱ्यांनी हा समास जरा भरभर वाचावा असे वाटणे स्वाभाविक आहे. आक्षेपकांनी तो फारसा चर्चिलेला दिसत नाही.

१६७६ पासून समर्थांचे वास्तव्य सज्जनगडावर होते. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस (१६८२) तेथेच त्यांचा देह पडला. कल्याणस्वामींच्या हातची मानली जाणारी डोमगावची प्रत धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी पुढे प्रकाशात आणली, आणि या याद्यांचा पाठ अभ्यासकांच्या हाती आला.