न्यायमूर्ती रानडे : कोल्हापूरचे एक न्यायाधीश

आमच्या स्मरणिकेत थोरांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे चरित्र निवडले आहे. त्यांची समाजसुधारणा व अर्थशास्त्र यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु जिच्यावर त्यांचा चरितार्थ चालला ती न्यायाधीशाची नोकरी वाचकांस फारशी ठाऊक नसते. शिवाय आमच्या ज्ञातिबांधवांच्या घरोघरी कोर्टाचे कागद असूनही दिवाणी कशास म्हणावे आणि फौजदारी कशास, हे अनेकांस उमगलेले नसते. म्हणून त्याच अंगाने लिहितो.

रानडे यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे 18 जानेवारी 1842 रोजी झाला. वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत आल्यामुळे त्यांचे बालपण व आरंभीचे शिक्षण येथेच झाले. पुढे ते मुंबईस गेले. 1859 साली मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांत ते होते. 1862 मध्ये बी. ए., 1864 मध्ये एम. ए. आणि 1866 मध्ये कायद्याची पदवी, असा त्यांचा क्रम आहे.

अक्कलकोटचे कारभारीपण सांभाळून 1867-68 च्या सुमारास ते कोल्हापुरात न्यायाधीश म्हणून आले. वय अवघे पंचविशीचे, आणि घर वडिलांचे. एक पक्षकार वडिलांच्या ओळखीने घरी कागद दाखवावयास आला असता रानडे यांनी ते पाहण्याचे नाकारले आणि असे पुन्हा घडणार असेल तर आपणांस येथून बदली मागावी लागेल, असे वडिलांस नम्रपणे कळविले, अशी आठवण सांगतात. पित्यापुढे मान वर न करण्याचा तो काळ होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या नकाराचे मोल कळते.

1871 मध्ये ते पुण्यास सबजज्ज झाले. हे काम दिवाणी. दिवाणी दाव्यात एक वादी, दुसरा प्रतिवादी. तंटा शेताच्या हद्दीचा, वाटणीचा किंवा कर्जाचा. कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय, हे पाहून न्यायाधीश हुकूमनामा देतो. फौजदारीत मात्र अपराध सबंध समाजाविरुद्ध झाला असे समजून खटला बहुधा सरकार चालविते, वाजवी संशयाला जागा उरू नये इतका पुरावा लागतो, आणि शेवट शिक्षेत किंवा सुटकेत होतो. दिवाणी तंटा उभयपक्षी केव्हाही मिटविता येतो. खुनासारख्या गुन्ह्यात तशी सोय नाही. 1881 मध्ये रानडे काही काळ मुंबईस प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट होते, तेव्हा हे दुसरे कामही त्यांनी केले.

या दोन वाटा एकमेकींत कशा गुंततात, हे 1875 च्या दंग्यांत दिसले. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आरंभ झाला. शेतकऱ्यांनी सावकारांचे खतपत्र जाळले. कर्ज हा दिवाणी प्रश्न, परंतु खत जाळणे हा गुन्हा! ज्याची बाजू मुळात खरी, तोही आरोपी होऊन बसला. सरकारने 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. केवळ खतावरचा आकडा न पाहता कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार कोर्टास मिळाला, आणि कर्जापायी शेतकऱ्यास कैदेत टाकणे बंद झाले. या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्याचे काम रानडे यांच्याकडे आले. 1887 मध्ये ते त्याखालील स्पेशल जज्ज झाले. आमच्या मते त्यांच्या न्यायसेवेतील हाच सर्वांत फलदायी भाग होय.

मध्यंतरी वाईट दिवसही आले. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या वेळी सरकारला रानडे यांचाही संशय आला. 1879 मध्ये त्यांची धुळ्यास बदली झाली, पत्रे फोडली जाऊ लागली. त्यांनी गवगवा केला नाही. नोकरी करीत राहिले, आणि संशय आपोआप फिटला. 1893 मध्ये न्यायमूर्ती तेलंग वारले, त्यांच्या जागी रानडे मुंबई उच्च न्यायालयात गेले. 16 जानेवारी 1901 रोजी ते निवर्तले, तोवर त्याच पदावर होते.

आज पायऱ्यांची नावे बदलली आहेत. दिवाणीत कनिष्ठ स्तर, वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायालय. फौजदारीत न्यायदंडाधिकारी, मग सत्र न्यायालय. दोहोंच्या वर उच्च न्यायालय. जिल्हा न्यायाधीश आणि सत्र न्यायाधीश बहुधा एकच व्यक्ती असते, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटते. बांधावरून भांडण झाले की आमचे बांधव आधी पोलीस ठाणे गाठतात. पण हद्द कोणाची, याचा निकाल फौजदार देऊ शकत नाही. तेथे वर्ष गमावून मग ते वकिलाकडे येतात.

अपिलासाठी मात्र कोल्हापूरकरांस मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथेच बसू लागले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे काम तेथे चालते.