विनोबा : शत्रू न मानता लढलेला माणूस



वर्ध्याहून नागपूरकडे जाताना पवनार लागते. तेथे धाम नदीच्या काठी आचार्य विनोबा भावे यांचा आश्रम आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी तो एसटीच्या खिडकीतून पाहिला असेल. या माणसाने आयुष्यभर एकच प्रश्न हाताळला : लोकांना एकत्र आणायचे ते कशाच्या बळावर? कोणाच्या तरी द्वेषावर की एकमेकांवरील प्रेमावर?

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. तरुणपणी त्यांना दोन ओढी होत्या. एक हिमालयाची आणि दुसरी बंगालच्या क्रांतिकारकांची. १९१६ साली परीक्षा सोडून ते काशीला गेले. त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी भेट झाली. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती या दोन्ही गोष्टी त्यांना तेथे एकाच ठिकाणी सापडल्या. अन्यायाशी लढायचे, पण अन्याय करणाऱ्याचा द्वेष करायचा नाही, ही वाट त्यांनी धरली.

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून १९२१ साली ते वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी घेण्यासाठी आले. १९३८ मध्ये प्रकृती खालावली, तेव्हा ते पवनारला राहू लागले. तेथे जमीन खणताना भरत आणि राम यांच्या भेटीची जुनी दगडी मूर्ती सापडली. राज्यावरून भांडण्याऐवजी राज्य एकमेकांना देऊ करणाऱ्या दोन भावांची ती गळाभेट! विनोबांनी ती आश्रमात स्थापन केली.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथून वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. त्यासाठी गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली. इंग्रज सरकार महायुद्धात अडचणीत असताना मोठे आंदोलन पेटवायचे नाही, एकेकट्याने युद्धाला विरोध करून तुरुंगात जायचे, असे ठरले होते. विरोधकाची अडचण ही आपली संधी मानायची नाही, हा त्यामागचा विचार.

तुरुंगातून सुटल्यावर १९४६ पासून ते शेजारच्या सुरगावला रोज खांद्यावर फावडे घेऊन चालत जात आणि गावातील मैला साफ करीत. प्रेम हे भाषणाचा विषय नाही, हाताने करायचे काम आहे, हे त्यांनी असे दाखवले.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर महाराष्ट्रात अनेक ठिकाणी खुनाशी काहीही संबंध नसलेल्या ब्राह्मणांची घरे जाळली गेली. द्वेष माणसांना लवकर एकत्र आणतो, याचे हे उदाहरण. सभेला, मोर्चाला द्वेषाइतके स्वस्त इंधन दुसरे नाही. पण त्याला सतत शत्रू लागतो. बाहेरचा संपला की तो शेजारी शोधतो. विनोबा त्याच वर्षी उत्तरेकडे गेले आणि फाळणीच्या दंगलीत उठवल्या गेलेल्या मेव मुसलमानांच्या पुनर्वसनाच्या कामाला लागले.

१९५१ साली ते वर्ध्याहून पायी हैदराबादकडे निघाले. तेलंगणात जमीनदार आणि भूमिहीन यांच्यात रक्त सांडत होते. एका बाजूला कम्युनिस्टांच्या सशस्त्र टोळ्या आणि दुसऱ्या बाजूला सरकारी फौज. १८ एप्रिलला नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली गावी दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी ती मागणी सरकारकडे न पाठवता गावासमोर ठेवली. रामचंद्र रेड्डी उठले आणि त्यांनी १०० एकर देऊ केले. तेथून भूदान यात्रा सुरू झाली आणि विनोबा सुमारे १३ वर्षे देशभर पायी फिरले. जमीनदाराला त्यांनी शत्रू मानले नाही. मला तुमचा आणखी एक मुलगा समजून माझा वाटा द्या, अशा भावनेने ते हात पुढे करीत. एकूण सुमारे ४२ लाख एकर जमीन मिळाली.

पण येथे थांबून चालणार नाही. त्यातील बरीच जमीन खडकाळ होती, बरीच वादातली होती, आणि मोठा भाग भूमिहीनांच्या हाती कधी पडलाच नाही. सभेत डोळे ओले होऊन दान देणारे घरी गेल्यावर मागे सरले. मोजणी, सातबारा, कर्ज, बैल, बियाणे हे सगळे पाठोपाठ आले नाही, तर प्रेमाची लाट ओसरते आणि गरीब तेथेच राहतो.

दुसरी अडचण अधिक कठीण. १९७५ साली आणीबाणी आली. भूदानासाठी १९५४ मध्ये आपले जीवन वाहिलेले जयप्रकाश नारायण तुरुंगात गेले. विनोबांनी आणीबाणीला अनुशासनपर्व म्हटल्याचे देशभर पसरले आणि त्यांचे अनेक जवळचे सहकारी दुखावले. सर्वांवर प्रेम करायचे म्हणून सत्तेला स्पष्ट नाही म्हणायचे टाळले, तर ते प्रेम कोणाच्या कामी येते? हा प्रश्न सर्वोदयाच्या कार्यकर्त्यांना दुभंगून गेला. आपणही तो टाळू नये.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी, अन्नपाणी सोडून, विनोबांनी पवनारला शांतपणे देह ठेवला. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. गीतेवर प्रवचने देणाऱ्या या माणसाने कुराण आणि धम्मपदाप्रमाणे आपल्या नव्या करारातील वचनेही निवडून त्यांचे सार काढले होते. वैऱ्यावर प्रीती करण्याची प्रभू येशूची आज्ञा आपण लहानपणापासून ऐकतो. गावच्या निवडणुकीत, मोर्चात, जातीच्या किंवा धर्माच्या नावाने कोणी आपल्याला हाक देईल, तेव्हा दोन गोष्टी तपासून पाहू या. ही हाक मला कोणाच्या विरुद्ध उभे करते आहे? आणि ज्याच्यावर अन्याय होतो आहे, त्याच्या बाजूने मी खरोखर उभा आहे का? पहिला प्रश्न विनोबांच्या यशातून आला आहे, दुसरा त्यांच्या अपयशातून. दोन्हींची आपल्याला गरज आहे.