लुई ब्रेल: सहा बटणांच्या कीबोर्डमागचा माणूस

कॉर्डेड कीबोर्ड म्हणजे काय, हे मी नेहमी पेटीवरून सांगतो. पेटीच्या तीन पट्ट्या एकदम दाबल्या की स्वर मिळून वाजतात. तसंच या कीबोर्डवर दोन-चार बटणं एकदम दाबली की एक अक्षर उमटतं. ब्रेल टायपिंग याच पद्धतीनं चालतं, म्हणून आज ब्रेल यांचीच गोष्ट.

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा, पॅरिसजवळच्या कूव्रे गावातला. वडील घोड्यांचं चामडी सामान बनवायचे. तीन वर्षांच्या लुईच्या डोळ्यात त्यांच्या दुकानातली आरी घुसली. संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही गेला आणि पाचव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्ण गेली.

१८१९ मध्ये ते पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाले. तिथली पुस्तकं मोठ्या उठावदार रोमन अक्षरांत होती. वाचायला फार वेळ लागायचा, आणि स्वतः लिहिणं तर जवळपास अशक्यच. १८२१ मध्ये शार्ल बार्बिए यांची बारा ठिपक्यांची लिपी शाळेत आली, पण एवढे ठिपके बोटाच्या टोकाखाली मावत नव्हते. लुईनं ते सहावर आणले. तेव्हा वय होतं पंधरा! सहा ठिपक्यांतून ६३ चिन्हं मिळतात. पुस्तक निघालं १८२९ मध्ये, त्यात संगीतलेखनही होतं. ते स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे.

डोळस घरच्यांनाही पत्र वाचता यावं म्हणून त्यांनी १८३९ मध्ये ठिपक्यांनी रोमन अक्षरं काढायची रीत शोधली. १८४१ मध्ये पिएर फुको या अंध मित्रानं त्यासाठी दहा दांड्यांचं यंत्र बनवलं.

तरी त्यांच्याच शाळेत ब्रेलवर काही वर्षं बंदी होती. मुलं चोरून लिहीत राहिली. ६ जानेवारी १८५२ ला क्षयानं ब्रेल गेले, आणि शाळेची अधिकृत मान्यता आली १८५४ मध्ये.

सहा बटणांचं ब्रेल यंत्र १८९२ मध्ये अमेरिकेत फ्रँक हॉल यांनी आणलं. मुंबईत १९०० साली ॲना मिलार्ड यांनी अंधांची शाळा काढली, तीच आजची दादरची अंधशाळा. १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल आली. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी समान भारती ब्रेल ठरलं. त्यात ‘दादर’ असं लिहितात:

द: १-४-५
ा: ३-४-५
द: १-४-५
र: १-२-३-५

डाव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका म्हणजे १, २, ३. उजव्या हाताची म्हणजे ४, ५, ६.

आता कॉम्प्युटरवर. ब्रेल डिस्प्लेला सहा बटणं आणि स्पेस असेल, तर एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये त्यांना आपल्या सोयीची कामं देता येतात, अगदी माउसचं क्लिकसुद्धा. एनव्हीडीए मेनू उघडा, प्रेफरन्सेसमध्ये इनपुट जेश्चर्सवर जा. माउस गटात लेफ्ट क्लिक निवडा, ‘ॲड’ दाबा आणि हवी ती बटणं एकत्र दाबा. सोबत स्पेस असू द्या, नाहीतर ते अक्षराशी भिडेल. ती जोडी आधीच दुसऱ्या कामाला दिलेली नाही ना, हेही बघा.

बारा ठिपके बोटाला जड गेले म्हणून ब्रेलनं लिपीच बदलली. तुमच्या बोटाला एखादी जोडी जड जात असेल, तर तीही बदलाच.