ऑसबर्न रेनॉल्ड्स: क्रँकशाफ्ट तेलावर का तरंगतो, हे सांगणारा इंजिनिअर

इंजिनिअरिंगला असाल तर 'रेनॉल्ड्स नंबर' माहीत असेलच. तो ज्यांच्या नावाचा आहे, त्या ऑसबर्न रेनॉल्ड्स यांचं दुसरं मोठं काम प्रत्येक कारच्या इंजिनात लपलंय.

त्यांचा जन्म 23 ऑगस्ट 1842 चा, बेलफास्टचा. 1861 मध्ये ते आधी वर्कशॉपमध्ये उमेदवारीला लागले, मग केंब्रिजला गणित शिकले. 1868 मध्ये, वयाच्या 25 व्या वर्षी, मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजमध्ये इंजिनिअरिंगचे प्रोफेसर झाले.

1880 च्या दशकात बीचम टॉवर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल सोडायला त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर शाफ्ट फिरताना तेल उलट बाहेर यायला लागलं. बूच ठोकलं, तेही बाहेर ढकललं गेलं! एवढा दाब आला कुठून?

उत्तर रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये दिलं. शाफ्ट बेअरिंगच्या बरोबर मध्ये नसतो, त्यामुळे फट एका बाजूला निमुळती होत जाते. फिरणारा शाफ्ट चिकट तेल त्या निमुळत्या फटीत ओढतो, दाब वाढतो आणि शाफ्ट उचलला जातो. धातूला धातू लागतच नाही.

इंजिन खोलून पुन्हा बांधताना हेच गणित कामी येतं. पंप फक्त तेल पोचवतो, भार पेलणारा दाब फिरण्यातून तयार होतो. म्हणून फट नेमकी हवी: ढोबळमानाने जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग, म्हणजे 50 मिमीला 0.05 मिमी. कमी पडली तर तेलाचा थर टिकत नाही, इंजिन जाम. जास्त झाली तर तेल बाजूने निसटतं, प्रेशर पडतं, ठोके ऐकू येतात.

क्रँक 0.25 मिमी ग्राइंड केला असेल, तर बेअरिंगही तेवढ्याच अंडरसाइजचं घ्या. मग कोरड्या जर्नलवर प्लास्टिगेजची बारीक तार ठेवा, कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळा, क्रँक न फिरवता कॅप काढा आणि चपटी झालेली रुंदी पट्टीवर मोजा. शेवटचा आकडा मात्र कंपनीच्या मॅन्युअलचाच. फिरण्याआधी थर नसतो, म्हणून बसवताना बेअरिंगला तेल लावायचंच.

तब्येतीमुळे रेनॉल्ड्स 1905 मध्ये निवृत्त झाले आणि 21 फेब्रुवारी 1912 ला गेले. बेअरिंग डिझाइन करणारे आजही त्यांच्याच समीकरणापासून सुरुवात करतात.