साने गुरुजी : ‘श्यामची आई’चे लेखक

पांडुरंग सदाशिव साने तथा साने गुरुजी (२४ डिसेंबर १८९९ – ११ जून १९५०) हे मराठी लेखक, शिक्षक, स्वातंत्र्यसैनिक व समाजवादी कार्यकर्ते होते. ‘श्यामची आई’ ही त्यांची आत्मचरित्रात्मक कादंबरी मराठीतील सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत गणली जाते.

त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे एका खोत घराण्यात झाला. वडिलांच्या काळात घराण्याची सांपत्तिक स्थिती खालावत गेली व कर्जापायी कुटुंबाला अपमान सोसावे लागले. १९१७ साली आई यशोदाबाई निवर्तल्या, तेव्हा पांडुरंग शिक्षणासाठी घरापासून दूर होते. अखेरची भेट न झाल्याचे हे शल्य पुढील लेखनात सर्वत्र जाणवते.

एम.ए. झाल्यावर १९२४ पासून ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांसाठी ते हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढीत. १९३० साली नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगात उतरले. १९३२ साली धुळे तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर दिलेली प्रवचने गुरुजींनी लिहून घेतली, म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज उपलब्ध आहे.

‘श्यामची आई’चा बहुतांश भाग नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिला गेला. श्याम आपल्या आश्रमातील सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशी रचना असल्याने प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे. पत्रावळी लावणे, पोहण्याची भीती, आंघोळीनंतर पायाला माती लागू नये म्हणून आईने पसरलेले ओचे असे साधे घरगुती प्रसंग त्यात येतात. त्यामुळे कोकण कधीही न पाहिलेल्या विदर्भातील वाचकालाही ते घर परके वाटत नाही. हे पुस्तक केवळ अश्रू ढाळायला लावणारे आहे, हा समज मात्र अपुरा आहे. महार समाजातील एका वृद्धेची लाकडाची मोळी उचलून देण्यास आई श्यामला सांगते, तो प्रसंग लेखकाच्या पुढील आयुष्याशी जोडून वाचावा लागतो. १ मे १९४७ रोजी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी गुरुजींनी उपोषण आरंभिले; ते दहाव्या दिवशी मंदिर खुले करण्याच्या निर्णयानंतर सुटले. त्यापूर्वी याच मागणीसाठी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला होता.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात यासाठी ‘आंतरभारती’ची कल्पनाही त्यांनी मांडली. देशातील परिस्थितीने ते अतिशय खिन्न झाले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली.

या कादंबरीवरील आचार्य अत्रे दिग्दर्शित चित्रपट ६ मार्च १९५३ रोजी प्रदर्शित झाला. त्यात वनमाला यांनी आईची, तर माधव वझे यांनी श्यामची भूमिका केली. संगीत वसंत देसाई यांचे होते. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळाले. बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’ला त्या वर्षी गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले होते, यावरून त्या पदकाचे मोल कळते. २०२३ साली सुजय डहाके यांनी त्याच नावाचा कृष्णधवल चित्रपट काढला. त्यात कथेबरोबर गुरुजींचा तुरुंगवासही दाखविला आहे.