उजळलेली वाट

अमेरिकेतील मूलनिवासी जमातींच्या जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांनी हिरावून घेतल्या, तो काळ. अशाच सॅक अँड फॉक्स जमातीत, आजच्या ओक्लाहोमा राज्याच्या भूमीत, १८८७ साली जिम थॉर्पचा जन्म झाला. त्याचे मूळ नाव वा-थो-हुक. त्याचा अर्थ उजळलेली वाट. त्याच्या आयुष्याची वाट मात्र काट्याकुट्यांचीच होती. त्याचा जुळा भाऊ चार्ली लहानपणीच न्यूमोनियाने दगावला. पुढे आईचे व वडिलांचेही छत्र हरपले. भावाच्या मृत्यूनंतर जिमचे मन शाळेत रमेना; तो वारंवार पळून जाई.

१९०४ साली तो पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे, मूलनिवासी मुलांसाठी चालवलेल्या सरकारी शाळेत दाखल झाला. तेथे मुलांचे केस कापले जात आणि मातृभाषा बोलण्यास मनाई असे. परंतु त्याच शाळेच्या मैदानावर जिमचे भाग्य उजळले. १९०७ साली काही खेळाडू उंच उडीचा सराव करत होते. कामाच्या कपड्यांतच असलेल्या जिमने ती आडवी काठी सहज ओलांडली. पॉप वॉर्नर या प्रशिक्षकांनी त्याचे गुण हेरले आणि त्याला खेळाडूंच्या चमूत घेतले.

१९०९ व १९१० च्या उन्हाळ्यात जिम उत्तर कॅरोलिनात एका लहान संघाकडून बेसबॉल खेळला. त्याबद्दल त्याला थोडेसे वेतन मिळाले. त्या काळी अनेक विद्यार्थी असे खेळत. पण ते खोटे नाव लावत. जिमने मात्र स्वतःचेच नाव लावले.

१९१२ साली स्टॉकहोम येथे ऑलिम्पिक सामने भरले. तेथे जिमने पाच क्रीडाप्रकारांची पेंटॅथलॉन आणि दहा प्रकारांची डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदके पटकावली. डेकॅथलॉनमध्ये त्याने दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला जवळजवळ सातशे गुणांनी मागे टाकले. मायदेशी त्याचे थाटात स्वागत झाले.

हा आनंद फार काळ टिकला नाही. त्या वेळी ऑलिम्पिकमध्ये केवळ हौशी खेळाडूंनाच भाग घेता येई. जिमने पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याची बातमी जानेवारी १९१३ मध्ये एका वृत्तपत्राने छापली. जिमने पत्र लिहून सत्य प्रांजळपणे कबूल केले आणि नियमाचे आपले अज्ञान सांगितले. तरीही त्याची पदके काढून घेण्यात आली, विक्रम पुसून टाकण्यात आले. वास्तविक अशी हरकत सामन्यांनंतर तीस दिवसांच्या आत घ्यावी, असा नियम होता. येथे तर सुमारे सहा महिने उलटले होते. ज्यांना पोटाची चिंता नाही, त्यांनाच हौशी राहणे परवडते, हा विचार कोणी केला नाही.

त्यानंतर जिमने बेसबॉल हाच व्यवसाय पत्करला. १९१३ ते १९१९ या काळात तो न्यूयॉर्क जायंट्स व इतर संघांकडून खेळला. व्यावसायिक फुटबॉलमध्येही त्याने मोठे नाव कमावले. याच काळात त्याचा लहानगा मुलगा आजारपणात दगावला. या आघाताने तो खचला. खेळाचे दिवस सरले तसे पैसेही संपले. मंदीच्या काळात त्याने खड्डे खणले, चित्रपटांत किरकोळ भूमिका केल्या. दारूच्या व्यसनाने त्याला ग्रासले. १९३२ साली लॉस एंजेलिस येथे ऑलिम्पिक सामने झाले, तेव्हा तिकिटापुरतेही पैसे त्याच्याजवळ नव्हते. ते कळताच त्याला सन्मानाने बोलावण्यात आले आणि प्रेक्षकांनी उभे राहून त्याला मानवंदना दिली.

१९५० साली अमेरिकन पत्रकारांनी त्याला अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवले. पण पदके परत मिळालीच नाहीत. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियात त्याचे निधन झाले.

त्याच्या मुलांनी व चाहत्यांनी लढा सोडला नाही. १९८२ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याला सहविजेता मानले आणि पुढच्या वर्षी पदकांच्या प्रतिकृती त्याच्या मुलांच्या हाती दिल्या. अखेर १५ जुलै २०२२ रोजी दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव नोंदले गेले. डेकॅथलॉनमध्ये दुसरा आलेल्या स्वीडनच्या ह्यूगो विस्लँडरनेही ते सुवर्णपदक आपले कधी मानले नव्हते.

न्याय मिळाला, पण तो घेण्यास जिम हयात नव्हता. स्वतःचे नाव न लपवल्याची जबर किंमत त्याने मोजली; आज तेच नाव आदराने घेतले जाते.