हुजूरपागेतून बर्लिनला

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थिनींची नावं सांगायची वेळ आली की इरावती कर्वे हे नाव पहिल्या पाचांत येतंच. मग 'युगान्त'चा उल्लेख होतो, पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या बाई म्हणून कौतुक होतं आणि गाडी पुढच्या नावाकडे सरकते. मला मात्र त्यांच्या आयुष्यातल्या जेमतेम दोन वर्षांबद्दल लिहायचं आहे. 1928 ते 1930, बर्लिन. परदेशात शिकायला गेलेली माणसं बदलून येतात असं आपण सहज म्हणतो. इरावतीबाई बदलल्या म्हणजे नेमकं काय झालं, हे मला त्यांच्याबद्दल वाचताना फार उशिरा कळलं.

त्यांचा जन्म 15 डिसेंबर 1905चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंजान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत इंजिनिअर होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्याला, हुजूरपागेच्या बोर्डिंगमध्ये पाठवलं. आपल्या वेळी सोलापूर-कोल्हापूरहून आलेल्या मुलीही पहिला महिनाभर रात्री उशीत तोंड खुपसून रडायच्या. ही तर समुद्र ओलांडून आलेली. म्हणजे परक्या गावी राहायचा सराव तिला बर्लिनच्या आधी सोळा वर्षं होता, तोही आपल्याच शाळेत.

शाळेत तिची शकुंतला परांजपेंशी मैत्री झाली आणि त्यांच्या घरी तिला लेकीसारखं ठेवून घेतलं. हे घर रँग्लर परांजप्यांचं. केंब्रिजला गणितात पहिले आलेले, फर्ग्युसनचे प्राचार्य, आणि देवधर्म न मानणारे. पुढे इरावतीबाईंनी कुंकू-मंगळसूत्राची पत्रास ठेवली नाही, नवऱ्याला चारचौघांत 'दिनू' म्हणून हाक मारली, याचं श्रेय काही जण जर्मनीला देतात. मला ते पटत नाही. ते बरंचसं परांजप्यांच्या घरात आधीच झालेलं असावं. बर्लिनने जे दिलं ते वेगळं होतं.

फर्ग्युसनमधून 1926 साली तत्त्वज्ञान घेऊन त्या बी.ए. झाल्या. मग मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए.साठी प्रबंध लिहिला, विषय चित्पावन ब्राह्मण. म्हणजे स्वतःचीच जात. दरम्यान महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी लग्न झालं. दिनकररावांनी स्वतः जर्मनीत रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली होती आणि बायकोनेही तिथे जावं असा त्यांचाच आग्रह होता. विरोध केला तो सासऱ्यांनी! विधवांना, मुलींना शिकवण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचलं, 1916 साली महिला विद्यापीठ काढलं, त्या अण्णांना सुनेचं परदेशी शिक्षण मात्र नको होतं. याबद्दल त्यांना आज नावं ठेवणं सोपं आहे. पण मोठ्या कामाची आणि स्वतःच्या घराची मोजपट्टी वेगळी असणं हे काही फक्त महर्षींच्या घरात घडलेलं नाही. पैशांचाही प्रश्न होता. काँग्रेसचे जीवराज मेहता यांनी कर्ज दिलं आणि 1928च्या नोव्हेंबरात इरावतीबाई निघाल्या. वय बावीस, तेविसावं पूर्ण व्हायला महिना बाकी.

बर्लिनच्या डालेम भागात कैसर विल्हेल्म संस्थेचं मानववंशशास्त्र आणि आनुवंशिकतेचं केंद्र आदल्याच वर्षी सुरू झालं होतं. प्रमुख होते ऑयगेन फिशर. जर्मनीच्या नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या वसाहतीत जाऊन त्यांनी मिश्र वंशाच्या लोकांवर संशोधन केलं होतं आणि या विषयात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. त्यांचं एक गृहीतक असं होतं: गोऱ्या युरोपियनांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असतो, त्यामुळे त्यांची कवटी दोन्ही बाजूंना सारखी नसते. इतर वंशांत हा फरक तेवढा दिसत नाही. यातून निघणारा अर्थ उघड होता. बुद्धी आणि तर्क ही गोऱ्यांची मिरासदारी, आणि तिचा पुरावा हाडातच आहे.

हे तपासायचं काम त्यांनी दिलं ते हिंदुस्थानातून आलेल्या या विद्यार्थिनीला. तिच्यासमोर 149 कवट्या होत्या. काही युरोपातल्या, काही जर्मनांनी आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या. ती माणसं कोण होती, त्यांची डोकी बर्लिनच्या फडताळात कशी येऊन पडली, हे विचारायची तेव्हा तिथे पद्धत नव्हती.

आम्ही इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये व्हर्निअर कॅलिपरने लोखंडी तुकडे मोजायचो आणि कंटाळून शेजारणीचे आकडे उतरवायचो. हे काम त्याच जातीचं, फक्त हातात माणसाची कवटी. डावी बाजू मोजायची, उजवी मोजायची, फरक मांडायचा, पुढची उचलायची. शिवाय सगळं लिहायचं जर्मनमध्ये.

आकड्यांतून निघालं असं की कवट्या दोन्ही बाजूंना सारख्या नसतात हे खरं, पण ते सगळ्यांचंच खरं. या फरकाचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. इरावतीबाईंनी तेच प्रबंधात लिहिलं.

माझ्या नोकरीला वीसेक वर्षं झाली. वरिष्ठांना कोणता निकाल हवा आहे हे माहीत असताना वेगळा आकडा समोर ठेवायला काय लागतं, हे मला ठाऊक आहे. आणि आम्हाला फार तर पुढच्या बढतीची काळजी असते. इथे पदवी त्याच माणसाच्या हातात होती, डोक्यावर कर्ज होतं, आणि नापास होऊन परतली असती तर पुण्यात पुढची कितीतरी वर्षं कुठल्याही सुनेने परदेशाचं नाव काढलं की हिचा दाखला दिला गेला असता. आकडे जरा इकडचे तिकडे करण्याचीही गरज नव्हती. निष्कर्ष मोघम ठेवला असता तरी भागलं असतं.

पदवी मिळाली. त्या बर्लिनला गेल्या त्या वर्षीच्या निवडणुकीत नाझी पक्षाला 12 जागा होत्या, सप्टेंबर 1930 मध्ये 107 झाल्या. 1933 साली फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. 1937 साली ऱ्हाइनलँडमधल्या आफ्रिकी सैनिकांच्या मुलांची सक्तीने नसबंदी झाली, त्यात त्यांचा सहभाग होता. त्यांच्यानंतर संस्थेच्या खुर्चीवर जे फर्शुअर बसले, त्यांचाच साहाय्यक योझेफ मेंगेले. कवटीच्या उजव्या-डाव्याचा प्रश्न किती निरुपद्रवी वाटतो, आणि तो कुठे जाऊन पोचत होता!

परत आल्यावर इरावतीबाईंनी पहिली काही वर्षं सासऱ्यांच्याच महिला विद्यापीठात रजिस्ट्रार म्हणून काम केलं. 1939 पासून डेक्कन कॉलेज, ते अखेरपर्यंत. आणि इथे मला बर्लिनची खरी खूण दिसते. गेल्या तेव्हा त्यांचा अभ्यास स्वतःच्या जातीपुरता होता. आल्यावर त्या गावोगाव हिंडून सगळ्या जातीजमातींची माणसं मोजत सुटल्या. एकच मूळ जात फुटून पोटजाती झाल्या, असं गुरू घुर्ये मानत. इरावतीबाईंनी दाखवलं की महाराष्ट्रातल्या कुंभारांचंच घ्या, नाव एक, धंदा एक, पण गट वेगवेगळे, आपापसांत बेटीव्यवहार नाही आणि शरीराची मापंही जुळत नाहीत. दुसऱ्यांदा गुरूच्या विरुद्ध आकडे!

पण बाईंची भक्त असूनही एक गोष्ट लिहायलाच हवी. कॅलिपर त्यांनी सोडला नाही. युद्धानंतर जगभर या मोजमापांवरचा विश्वास उडत चालला, तरी जातींची नाकं-डोकी मोजून काही हाती लागेल ही आशा त्यांनी ठेवली. ज्या संस्थेचा निष्कर्ष त्यांनी नाकारला, तिची पद्धत त्यांच्या हातात राहिली. हेही बर्लिनचंच देणं.

सुदैवाने मापांच्या पलीकडचंही त्यांना दिसत होतं. 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' 1953 साली आलं, त्यात देशभरातली नाती आणि त्यांचे शब्द आहेत. पंढरीच्या वाटेवर त्या वारकऱ्यांबरोबर चालल्या आणि दिंडीतही जातीजातींच्या चुली वेगळ्या का, याने अस्वस्थ झाल्या. 'युगान्त'ला 1968 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी त्यांचा आणि लेक जाई निंबकर यांचा कोयना धरणाने उठवलेल्या लोकांवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. तेव्हा त्या त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. 11 ऑगस्ट 1970 रोजी त्या गेल्या.